वाढ्याच्या सिझनला पेंडीआधी भुईमुगाचा पाला सांभाळा

सोयाबीनची मळणी आटपत आलीय, आता ऊसतोड टोळ्या आल्या की कराड, वाळवा, पलूस सगळीकडं दावणीला नुसतं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पडायला लागेल. वाढ्यानं पोट भरतं हो, पण प्रथिनं जेमतेम ५-६ टक्के, दुभत्या गाईचं त्यात भागत नाही, मग दूध उतरलं की आपण पळतो पेंडीचं पोतं आणायला आणि इकडं भुईमुगाचा पाला बांधावर दवात भिजून काळा पडत असतो. बघवत नाही ते.

त्या पाल्यात प्रथिनं १० टक्क्यांच्या आसपास असतात, ज्वारीच्या कडब्याच्या दुपटीनं. शेंगा तोडल्या की मुळाची माती झटका आणि पातळ पसरून वाळवा. खरा माल पानात असतो, त्यामुळं भर उन्हात उलथापालथ करू नका, पानं झडून रानातच राहतात आणि घरी नुसत्या काड्या येतात. पूर्ण वाळला की सकाळी दव उडाल्या उडाल्या, कुरकुरीत व्हायच्या आत गोळा करा. ओला रचला तर आतनं बुरशी धरतो.

सोयाबीनचं भुसकट पेटवू नका. टरफलं जास्त असलेलं जनावराला घालायला बाजूला काढा, दांडकी जनावर तशीही गव्हाणीत सोडतं. वाढ्याच्या कुट्टीत थोडं थोडं मिसळून द्या. तुरीची, हरभऱ्याची चुनी (डाळ करताना निघणारा चुरा) मिळाली तर तीपण घ्या, पण भुसा किती मिसळलाय ते हातात घेऊन बघा.

पावसानं डागी झालेलं सोयाबीन बरेचजण तसंच जनावरापुढं टाकतात, तसं करू नका. भाजून, भरडून, मोठ्या जनावराला दिवसाला अर्ध्या किलोच्या आत. आणि वैरणीला युरिया लावला असेल तर कच्चं सोयाबीन अजिबात नको, त्यातल्या युरिएज नावाच्या विकरामुळं युरियाचा अमोनिया झपाट्यानं होतो, विषबाधेनं जनावर जाऊ शकतं. बुरशी आलेलं सोयाबीन, पेंड, काहीच देऊ नका, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच पोरं पितात.

वाढ्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम अडवतं, म्हणून दुभत्या गाईला रोज ५० ग्रॅम मिनरल मिक्श्चर चालू ठेवा. आणि खाद्य एकदम बदलू नका, ८-१० दिवसांत हळूहळू वाढवा, शेण पातळ झालं तर दोन दिवस मागं या.