कॉफिन जोचे पिक्चर कुठल्या क्रमाने बघायचे

ब्राझीलचा हॉरर पिक्चरवाला जोझे मोझिका मारिन्स, हा माणूस स्वतःच डायरेक्टर आणि स्वतःच हिरो, म्हणजे व्हिलनच खरंतर. काळी उंच टोपी, काळा झगा आणि ती वळलेली लांबलचक नखं, ती खरी हां, स्वतःची वाढवलेली. कॅरेक्टरचं नाव झे दो काइशाँव, म्हणजे शवपेटीवाला झे, इंग्रजीत कॉफिन जो. सर्च करताना दोन्ही नावं टाकून बघा.

मी २००८ चा पिक्चर आधी लावला, रंगीत आहे आणि नवा आहे म्हणून, आणि अर्धा डोक्यावरून गेला. तुम्ही तसं करू नका.

पहिला १९६४ चा 'अॅट मिडनाइट आय विल टेक युअर सोल'. ब्लॅक अँड व्हाइट, पैसे कमी आहेत ते दिसतं, पण दमदार. कुणीतरी काळ्या कपड्यातला माणूस आपल्याला आपल्याच थडग्याकडे ओढत नेतोय असं स्वप्न मारिन्सला १९६३ मध्ये पडलं, त्यातून हे सगळं निघालं. झे गावात प्रेतं पुरायचं काम करतो, देव मानत नाही, त्याला फक्त आपला वंश चालवणारा मुलगा हवाय आणि त्यासाठी तो कुणालाही मारतो. गुड फ्रायडेला खिडकीतून मिरवणूक बघत तो मजेत मटण खातो, तो सीन नीट बघा. कॅथलिक देशात हे, तेही ज्या वर्षी लष्कराने सत्ता घेतली त्याच वर्षी!

मग लगेच १९६७ चा 'धिस नाइट आय विल पझेस युअर कॉर्प्स'. बायकांच्या अंगावर फिरणारे कोळी खरेखुरे आहेत. पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट आणि मध्येच नरक येतो तो अख्खा रंगीत, बर्फाळ, भिंतींतून माणसांचे हातपाय बाहेर आलेले, एवढ्यासाठी तरी बघाच. शेवटी दलदलीत बुडताना झे अचानक देवाला मानतो ते मात्र सेन्सॉरने घालायला लावलेलं आहे, मारिन्सच्या डोक्यात तसं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

मध्ये 'अवेकनिंग ऑफ द बीस्ट' बघा, जो तिकडे बरीच वर्षं बॅन होता, त्यात मारिन्स स्वतः मारिन्स म्हणूनच येतो. १९७८ चा 'हॅल्युसिनेशन्स ऑफ अ डिरेंज्ड माइंड' सगळ्यात शेवटी ठेवा, नाही बघितला तरी चालेल, बराचसा जुन्या पिक्चरांतले सेन्सॉरने कापलेले तुकडे जोडून केलाय.

आणि आता २००८ चा 'एम्बॉडिमेंट ऑफ इव्हिल'. झे ४० वर्षांनी तुरुंगातून सुटून साओ पाउलोत येतो, मारिन्स तेव्हा सत्तरी ओलांडलेला. रक्तपात भयंकर आहे, बायकांवरचा अत्याचार तर सगळ्याच पिक्चरांत आहे, झेपत नसेल तर सोडून द्या, जेवताना तर नकोच. पण फ्लॅशबॅकमध्ये तीच दलदल परत येते, तरुण झे म्हणून मारिन्सचा एक अमेरिकन फॅन उभा केलाय, आणि ह्या वेळी झे देवाबिवाला अजिबात मानत नाही. ४१ वर्षांनी गड्याने आपला शेवट परत घेतला!