काजव्यांचे फोटो: एकच लांब एक्स्पोजर नको, थर रचा

मेअखेरीस भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजवे टिपायचे तर संधिप्रकाशातच झाडावर फोकस करा, मग फोकस मॅन्युअलवर टाका आणि तो हलू नये म्हणून लेन्सच्या फोकस रिंगला टेप लावा. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो. मग ट्रायपॉड न हलवता एफ/२.८, आयएसओ १६००, २० सेकंद असे ३०-४० फोटो सलग काढा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब एक्स्पोजरमधले नकोसे ठिपके काढणारी कॅमेऱ्यातली सोय) बंदच हवं, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून बसतो आणि तेवढे काजवे हुकतात. टॉर्च, फ्लॅश अजिबात नको: लुकलुकण्यावरच काजव्यांचं जोडीदार शोधणं अवलंबून असतं. फोटोशॉपमध्ये सगळे फोटो एकावर एक लेयर म्हणून रचा आणि ‘लाइटन’ मोडवर ठेवा; त्यात प्रत्येक जागी सगळ्यांत उजळ तेवढंच दिसतं. आभाळात ताऱ्यांच्या रेघा उमटल्या, तर तिथे मास्क लावून एकाच फोटोतलं आभाळ ठेवा.