७६७ बाइट, १९१ अक्षरं आणि मराठी लिंका

नोकरीला लागून तीनच महिने झाले होते. मायएसक्यूएल ५.६ या डेटाबेसवर मराठी बातम्यांच्या लिंका साठवणारं एक जुनं टेबल होतं. इमोजी साठवता यावेत म्हणून ते यूटीएफ८ (एका अक्षराला कमाल ३ बाइट) वरून यूटीएफ८एमबी४ (कमाल ४ बाइट) वर न्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच ऑल्टरला (टेबल बदलायच्या आज्ञेला) एरर १०७१ आली: की, म्हणजे इंडेक्समधली (झटपट शोधासाठीच्या सूचीतली) नोंद, फार लांब; कमाल ७६७ बाइट.

मला वाटलं, एखादी लिंक भलतीच मोठी असेल. पण इनोडीबी (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) तुमचा डेटा पाहतच नाही. कॉलमची कमाल लांबी गुणिले एका अक्षराचे कमाल बाइट, एवढाच हिशेब. आमचा कॉलम २५५ अक्षरांचा. आधी २५५ × ३ = ७६५, जेमतेम बसत होतं. आता २५५ × ४ = १०२०. जुन्या कोडमध्ये १९१ हा आकडा दिसला की ओळखा, कुणीतरी ७६७ मध्ये बसवायला कापलंय: १९१ × ४ = ७६४.

मीही तेच केलं. युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा) पहिल्या १९१ अक्षरांपुरता ठेवला. एरर गेली, आणि दोन दिवसांत नव्या बातम्या 'डुप्लिकेट' म्हणून नाकारल्या जाऊ लागल्या. लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्केवाल्या रूपात ('म' म्हणजे %E0%A4%AE) नऊ अक्षरं खातं. नुसत्या 'महाराष्ट्र' या शब्दाची नव्वद होतात! दोन-तीन शब्दांतच मर्यादा संपायची, आणि युनिक इंडेक्स त्यापुढचं काही बघत नाही. शोध वेगवान करायला अर्धवट इंडेक्स चालतो. वेगळेपणाची हमी त्याच्यावर टाकू नका, हे मी आज प्रत्येक नवीन मुलाला कळकळीने सांगते.

शेवटी पूर्ण लिंकचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरापासून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) ३२ बाइटच्या बायनरी कॉलममध्ये ठेवला आणि युनिक इंडेक्स त्यावर लावला. मात्र हॅश बाइट बघतो, दिसणं नाही. 'ऱ' एका कोडचा असतो, तसाच 'र' अधिक नुक्ता असा दोन कोडचाही. दिसायला एकच, हॅश वेगळे. म्हणून हॅश काढण्याआधी मजकूर एनएफसी या युनिकोडच्या एकाच ठरलेल्या रूपात आणायचा.

अपग्रेड शक्य असेल तर आधी तेच करा. ५.७ पासून रो फॉरमॅट (ओळी साठवायची पद्धत) मुळातच डायनॅमिक असतो आणि मर्यादा ३०७२ बाइट. जुनी टेबलं मात्र आधीच्या कॉम्पॅक्ट पद्धतीतच राहतात, ती स्वतः बदलावी लागतात.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. तिथे मर्यादा सुमारे २७०० बाइट, पण इंडेक्स बनवताना कॉलमच्या कमाल लांबीवरून कुणी अडवत नाही. एखादी खरोखर लांब नोंद आली की त्या इन्सर्टलाच एरर येते, आणि तोवर टेबल प्रॉडक्शनवर जाऊन कित्येक महिने झालेले असतात.