पहिल्या बर्फाआधी: ब्रेक आणि पट्टा

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात नव्यानं आलेल्या घरांचा क्रम ठरलेला असतो. भाड्याची जागा, बँकेचं खातं, मुलांची शाळा, आणि ऑक्टोबर लागला की गाडी. बस थांब्यावर थंडीत कुडकुडायची वेळ येण्याआधी गाडी दारात हवी, असं वाटणं साहजिक आहे. त्यासाठी मला फोन येतात. कुठली गाडी, किती किलोमीटर चाललेली, हप्ता किती, सगळं विचारतात. ब्रेकबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही. "पुण्यात पंधरा वर्षं चालवलीय हो!" चालवलीय ना, गोम तिथेच आहे.

आधी पायांचं बोलू. इथल्या जवळजवळ सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक. क्लच नाही, पण हे डाव्या पायाला कुठे ठाऊक? गडबडीत तो क्लच शोधत पुढे येतो, ब्रेकचं रुंद पेडल त्याच्या खाली सापडतं, आणि क्लच दाबायच्या जोरानं ब्रेक दाबला जातो. गाडी जागच्या जागी थांबते आणि मागचा माणूस तुमच्या डिकीत शिरायच्या बेतात असतो. म्हणून डाव्या पायाला डावीकडच्या टेकूवर बसवा आणि विसरून जा. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, दोन्ही कामं उजव्या पायाची. हातांचंही तसंच. तिकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून पट्टा उजव्या खांद्यावरून ओढायची सवय. इथे तो डाव्या खांद्यामागे असतो. पहिला महिनाभर हात उजवीकडे हवेत चाचपडतो, आणि घाई असेल तर पट्टा राहूनच जातो.

आता माझी फजिती. २००७ चा डिसेंबर, आमचा पहिला हिवाळा. मिसिसागात संध्याकाळी कामावरून येत होते. सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला, आणि पेडल पायाखाली खडखड थरथरायला लागलं. गाडीच्या पोटातून दळण दळल्यासारखा आवाज. मला वाटलं, ब्रेक तुटला. घाबरून पाय काढला. गाडी आरामात घसरत कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन बसली. सुदैवानं समोर कुणी नव्हतं. ब्रेकला काहीही झालेलं नव्हतं. ती एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेची थरथर होती, आणि यंत्रणा काम करत असताना मीच तिचं काम बंद पाडलं होतं.

चाक ब्रेकमुळे फिरायचं थांबलं की ते नुसतं घसरतं, आणि घसरणारं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. एबीएस हे ओळखून त्या चाकावरचा ब्रेक सेकंदात कित्येकदा सोडते आणि धरते. ती उघडझाप पायाला जाणवते. तेव्हा जोरात दाबा, दाबूनच ठेवा, आणि जिकडे जायचं तिकडे स्टिअरिंग वळवा. तिकडच्या जुन्या गाड्यांवर शिकलेलं 'दाब-सोड, दाब-सोड' इथे करू नका, ते यंत्र तुमच्यापेक्षा फार वेगानं करतं. सप्टेंबर २०११ नंतर इथे विकायला बनलेल्या प्रत्येक नव्या कारमध्ये तोल सांभाळणारी ईएससी यंत्रणाही सक्तीची आहे. त्याहून जुनी गाडी घेत असाल, तर ती आहे का ते आधी पाहून घ्या.

पण एबीएस गाडी लवकर थांबवते, हा गैरसमज आहे. भुसभुशीत बर्फावर तर ती कधी कधी जरा जास्तच अंतर घेते. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो टायर आणि रस्ता. ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदाला १४ मीटर जाते. त्या वेगात ब्रेक दाबल्यापासून कोरड्या रस्त्यावर ती साधारण १२-१३ मीटरमध्ये थांबते, दाबलेल्या बर्फावर ५० मीटरच्या आसपास, आणि नितळ बर्फावर १०० मीटरही लागू शकतात. पायाला ब्रेकपर्यंत पोचायला लागतो तो वेळ वेगळा. पुढच्या गाडीपासून उन्हाळ्यात दोन सेकंदांचं अंतर पुरतं, बर्फात चार सेकंद धरा, आणि सिग्नलच्या खूप आधीपासून हळू व्हा. मधल्या जागेत कुणीतरी घुसेलच. घुसू द्या, आणखी मागे राहा. सिंहगड रोडवरची 'फट दिसली की भर' ही वृत्ती इथे विमानतळावरच सोडून यायची.

विंटर टायरवर मी हट्टी आहे. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड जाते. त्याला बर्फच पडायला हवा असं नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह पाहून घ्या आणि चारही चाकांना लावा. पुढच्या दोनच चाकांना लावून पैसे वाचवणाऱ्याची मागची बाजू वळणावर पुढे यायला बघते. शेजारच्या क्युबेकमध्ये हे टायर १ डिसेंबर ते १५ मार्च सक्तीचे आहेत. ऑन्टारिओत नाहीत, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना त्यासाठी सवलत द्यावी लागते. फोन करून मागा.

बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा त्रास सगळ्यात जास्त ब्रेकला. डिस्क गंजतात, कॅलिपर अडकतात, ब्रेकच्या नळ्या आतून-बाहेरून खात जातात. जुनी गाडी घेताना विकणारा 'सेफ्टी', म्हणजे सुरक्षा तपासणी केलीय म्हणून कागद दाखवेल. तो ३६ दिवसच चालतो, आणि गाडी तपासली त्या दिवसापुरताच बोलतो. आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून पॅड किती उरलेत ते विचारून घ्या. डॅशबोर्डवर पिवळा एबीएसचा दिवा लागला, तर नेहमीचा ब्रेक चालतो, पण लवकर दाखवा. लाल ब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडूनही विझला नाही, तर गाडी कडेला घ्या आणि तिथेच थांबा. जुन्या केबलच्या हँडब्रेकला कडाक्याच्या थंडीत, विशेषतः गाडी धुतल्यावर, ओढून ठेवू नका. रात्रीत गोठतो आणि सकाळी चाक सुटत नाही.

पट्ट्याबद्दल खरं तर सांगायला लागू नये, पण लागतं. ऑन्टारिओत तो १ जानेवारी १९७६ पासून सक्तीचा आहे, मागच्या सीटवरही. दंड २०० डॉलरपासून सुरू होतो, वर लायसन्सवर दोन डीमेरिट पॉइंट, आणि १६ वर्षांखालच्या प्रवाशानं लावला नसेल तर दंड चालकाला. जितके पट्टे तितकीच माणसं. नायगाराला सहाव्याला मांडीवर घेऊन जायचा बेत करू नका. तिकडे टॅक्सीत कुशनखाली दडपलेला पट्टा आणि नुसतं बकल खोचून गप्प केलेली पीं-पीं आपण सगळ्यांनी पाहिलीय. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर, पट्ट्याशिवाय. त्यानंतर महिनाभर घराघरात चर्चा झाली.

आई-बाबा भेटीला येतात तेव्हा पट्ट्याची खरी परीक्षा असते. आई म्हणते, "साडीच्या निऱ्या चुरगळतात, आणि आपण मागेच तर बसलोय." भांडू नका. खालचा पट्टा पोटावरून न जाता कमरेच्या हाडावरून, मांड्यांच्या वर बसेल असा लावून द्या. वरचा छातीच्या मधून आणि खांद्यावरून, काखेखालून नाही. गरोदर असाल तरी नियम तोच, खालचा पट्टा पोटाच्या खाली.

लहान मुलांसाठी: ९ किलोपर्यंत मागे तोंड करून, ९ ते १८ किलो पुढे तोंड करून, त्यानंतर ३६ किलो किंवा १४५ सेंटिमीटर किंवा आठ वर्षं यातलं काहीतरी पूर्ण होईपर्यंत बूस्टर. सीट पुण्याहून आणू नका. तिच्यावर मेपलच्या पानाचं इथलं सुरक्षा चिन्ह नसतं आणि ती इथे चालत नाही. आणि फुगीर जॅकेट घालून मुलाला सीटमध्ये कधीच बांधू नका. एकदा करून बघा: जॅकेटसकट बसवा, पट्टे आवळा, मग न सोडवता मूल बाहेर काढा, जॅकेट उतरवा आणि परत बसवा. हाताची मूठ मावेल एवढी ढील दिसेल. धडकेत जॅकेटची हवा दबते आणि तेवढ्याच जागेत मूल पुढे फेकलं जातं. पातळ स्वेटरवर पट्टे आवळा, वरून गोधडी टाका. आजीनं पाठवलेली कुंची डोक्याला चालते.

पहिला बर्फ पडला की रविवारी सकाळी सात वाजता एखाद्या प्लाझाचं रिकामं पार्किंग गाठा. आधी तिथल्या चौकीदाराला विचारा, मग ताशी २० ला जाऊन जोरात ब्रेक दाबा आणि ती थरथर पायाला ओळखीची करून द्या. पाच-सहा वेळा. सोबत कुणी हवं असेल, तर मी येते. चहा मात्र थर्मासमधून तुम्ही आणायचा, आलं घातलेला.