चिंचिला पाळताय? आधी या चुका टाळा

चिंचिला म्हणजे कुरतडणाऱ्या जातीचा, दाट फरचा छोटा प्राणी. तो घेणाऱ्या बहुतेकांनी आधी ससा नाहीतर हॅमस्टर पाळलेला असतो. "तसंच असणार ना हे!" म्हणून मग गाजराचा तुकडा, पिंजऱ्यासमोर टेबलफॅन आणि रविवारी शाम्पूने अंघोळ. यातली एकही गोष्ट चिंचिलाला मानवत नाही.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेत चिलीतल्या अँडीज पर्वताच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचा. तिथल्या गारठ्यासाठी त्याच्या कातडीत एकेका छिद्रातून पन्नास-साठ केस उगवतात. या फरपायीच त्याची बेसुमार शिकार झाली आणि रानातली जात आज संकटात आहे. पाळीव चिंचिलांचा वंश बहुतांशी 1923 साली मॅथायस चॅपमन या अमेरिकी खाण अभियंत्याने कॅलिफोर्नियाला नेलेल्या अकरा-बारा जनावरांपर्यंत जातो. खालच्या हवेची सवय व्हावी म्हणून चॅपमनने त्यांना मुक्काम करत करत, सावकाश डोंगर उतरवला होता. आपल्याकडे तोच प्राणी एप्रिलच्या भर दुपारी दुकानातून रिक्षाने घरी येतो.

पंख्याच्या आणि कूलरच्या भरवशावर राहणं

सगळ्यात जीवघेणी चूक हीच. पंख्याचा वारा आपल्याला गार लागतो तो घाम वाळतो म्हणून. चिंचिलाला घाम येत नाही, आणि त्या दाट फरमधून वारा कातडीपर्यंत पोचतही नाही. कूलर त्याहून वाईट. विदर्भ-खानदेशात कूलरशिवाय मे महिना निघत नाही हे खरं, पण त्याच्या ओल्या ताट्यांमधून येणारी हवा दमट असते, आणि दमट हवा हा चिंचिलाचा दुसरा शत्रू.

खोली 16 ते 21 अंशांत ठेवायची. 25 च्या वर गेली की सावध व्हायचं, 27-28 ला उष्माघाताची भीती खरी असते. पाळणारे एक ढोबळ हिशेब वापरतात: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या दमटपणाची टक्केवारी यांची बेरीज 150 च्या खाली हवी. पुण्यातला ऑगस्ट घ्या. 24 अंश म्हणजे 75 फॅरनहाइट, दमटपणा 85 टक्के, बेरीज 160. आपण खिडकी उघडून "काय मस्त हवा पडलीये" म्हणत असतो आणि पिंजऱ्यातला जीव कासावीस झालेला असतो. तापमान आणि दमटपणा दोन्ही दाखवणारा छोटा मीटर मिळतो. तो भिंतीवर न लावता पिंजऱ्याच्या उंचीला लावा.

म्हणजे एसी हवाच, पावसाळ्यात ड्राय मोडवर. मुंबईत, कोकणात, गोव्यात वर्षातले बहुतेक महिने एसी चालवायची तयारी नसेल तर चिंचिला घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वीज गेली तर? घरगुती इन्व्हर्टरवर एसी सहसा चालत नाही. फरशीवाल्याकडे ग्रॅनाइटचे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. ताटाएवढे दोन आणा, कडा घासून घ्या, धुऊन एक फ्रिजमध्ये आणि एक पिंजऱ्यात ठेवा, आलटून पालटून. चिंचिला आपणहून त्यावर पोट टेकून बसतो. शिवाय पाण्याच्या बाटल्या गोठवून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून टेकवा. यावर तास-दोन तास निघतात, दुपार निघत नाही. त्यामुळे एसी असलेलं दुसरं घर आधीच हेरून ठेवा.

कान लालबुंद, त्यांवरच्या शिरा उठून दिसतायत, प्राणी आडवा पडलाय, तोंड उघडून धापा टाकतोय, लाळ गळतेय: हा उष्माघात. गार खोलीत न्या, कानांना आणि पंजांना गार पाण्यात पिळलेलं फडकं लावा आणि डॉक्टरकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही.

लाडाने खायला घालणं

आजीच्या हातचा बेदाणा, बाबांचे शेंगदाणे, मुलांचं बिस्किट. चिंचिला हे सगळं आवडीने खातो, म्हणून घरचे खूश. पण त्याची आतडी सुक्या, धाग्याच्या गवतासाठी घडलेली आहेत. साखर आणि तेल गेलं की पोटात गॅस धरतो, आणि त्याला उलटी करता येत नाही.

रोजचं जेवण साधं आहे: टिमोथीसारखं सुकं गवत दिवसरात्र समोर, साध्या पेलेट्स (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) चमचा-दोन चमचे, आणि ताजं पाणी. रंगीत दाणे आणि सुकामेवा मिसळलेली पाकिटं घेऊ नका. तो गोडधोड वेचून खातो आणि गवताला तोंड लावत नाही. टिमोथी महाग पडतं म्हणून काही जण डेअरीवाल्याकडून हिरवी लसूणघास आणतात. तिच्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त. वाळवलेली असेल तर पिल्लांना आणि गाभण मादीला चालते, मोठ्याचं ते रोजचं जेवण नव्हे. ओली तर कुणालाच घालू नका.

गवत कमी पडलं की पोटाआधी दात बिघडतात. चिंचिलाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत दळूनच झिजतात. हनुवटी ओली, डोळ्यातून पाणी, घास तोंडात घेऊन टाकून देणं, ही दाढा वाढल्याची लक्षणं.

आणि समोरचे दात पिवळे-नारिंगी दिसले तर घाबरू नका, ते तसेच असायला हवेत. पांढरेफटक दिसले तर मात्र तपासून घ्या.

पाण्याने अंघोळ, नाहीतर भलत्याच धुळीची

पाणी मुळीच नाही. केसांच्या मुळाशी ओल राहते आणि बुरशी धरते. अंघोळ धुळीची: चिंचिलासाठी म्हणून मिळणारी ज्वालामुखीच्या दगडाची बारीक भुकटी, पसरट भांड्यात, आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं. नंतर भांडं बाहेर काढा. दिवसभर आत राहिलं तर डोळे चुरचुरतात, शिवाय तो त्यातच मुततो. नदीची वाळू, टाल्कम पावडर चालत नाही. रांगोळी तर नकोच. पावसाळ्यात भुकटीचे गोळे व्हायला लागले तर ती टाकून द्या आणि डबा हवाबंद ठेवा.

पिंजऱ्यात होणाऱ्या चुका

तळाला नुसती जाळी असेल तर पाय सोलवटतात. प्लास्टिकचं घर, प्लास्टिकच्या पायऱ्या तो कुरतडून गिळतो. हॅमस्टरच्या चाकात पाठ वाकते. चाक घ्यायचं तर भरीव पट्ट्याचं, किमान 15 इंचांचं. सुताराकडचा फुकटचा भुसा आणू नका, त्यात प्लायवूडचा गोंद, पॉलिश, कशाचाही चुरा असतो. देवदाराचा भुसाही नको. कुरतडायला सफरचंदाच्या झाडाची वाळकी काटकी उत्तम.

पकडताना हात खालून पोटाखाली. वरून झडप घातली की तो शत्रूच्या तोंडात केस सोडून पळावं तसा तुमच्या मुठीत फरचा झुपका सोडून सटकतो. कातडी तिथे गुळगुळीत दिसते. जखम नसते, केस परत येतात, पण विश्वास बसायला वेळ लागतो. मादी चिडली तर मागच्या पायांवर उभी राहून मुताची पिचकारी मारते, हेही ऐकून ठेवा. आणि पिंजरा बेडरूममध्ये नको. त्याचा दिवस आपल्या संध्याकाळी सुरू होतो.

नर-मादी एकत्र ठेवताना दहादा विचार करा. गर्भकाळ सुमारे 111 दिवसांचा, आणि मादी व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते.

उद्या बघू म्हणणं

चिंचिला आजार लपवतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर खोलगट पातेलं ठेवून शून्य करा, चिंचिलाला आत बसवा आणि दर रविवारी वजन कॅलेंडरवर लिहा. खाणं कमी झाल्याचं तुमच्या लक्षात येण्याआधी काटा सांगतो. लेंड्या बारीक, कडक किंवा कमी झाल्या, दिवसभर गवताला तोंड लावलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डॉक्टर मात्र प्राणी आणण्याआधी शोधून ठेवायचा. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टरही चिंचिला क्वचितच बघतात. अमॉक्सिसिलिन आणि पेनिसिलिनच्या गटातली औषधं तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि प्राणी दगावू शकतो, क्लिंडामायसिनचंही तेच. घरात उरलेलं मुलांचं सिरप तर अजिबात नको. औषध लिहून मिळालं की "हे चिंचिलाला तोंडावाटे चालतं ना?" असं तिथेच विचारा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.