रेस_क्वेरी उणे एक देतं तेव्हा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका पेढीसाठी सी भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला होता. ग्राहकाच्या ईमेलचं डोमेन (@ च्या पुढचं नाव) खरं आहे का, हे त्याचं एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे त्या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे जातो ही इंटरनेटवरची नोंद, विचारून तपासायचं, एवढंच काम. पावसाळ्यात इंटरनेटची लाइन डळमळली की चांगली-चांगली डोमेनही बाद व्हायची. शेठ म्हणाले, "अहो, दहा वर्षांचं गिऱ्हाईक आहे हे, खोटं कसं?"

चूक माझीच. रेस_क्वेरी, म्हणजे असं रेकॉर्ड विचारणारं सीमधलं फंक्शन, त्याच्याकडून −१ (काहीतरी चुकलं) आलं की मी सरळ 'डोमेन नाही' लिहीत होतो. चुकीचं कारण सांगणाऱ्या पीएरर फंक्शनने छापून पाहिलं तर म्हणे 'सक्सेस'! डोकंच फिरलं. मग मॅन्युअल नीट वाचलं: इथलं कारण पीएरर वाचतं त्या एर्नो नावाच्या व्हेरिएबलमध्ये नसतं, एच_एर्नो नावाच्या वेगळ्या व्हेरिएबलमध्ये आकड्याच्या रूपात असतं. १ म्हणजे नावच नाही, २ म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा विचारा, ४ म्हणजे नाव आहे पण तो रेकॉर्ड नाही. माझी बहुतेक डोमेनं २ मध्ये अडकली होती.

आता २ आला की डोमेन रांगेत ठेवून पुन्हा विचारतो. ४ आला तर ए रेकॉर्ड, म्हणजे डोमेनचा आयपी पत्ता, बघतो, कारण एमएक्स नसलं तरी मेल त्या पत्त्यावर जाऊ शकतो. बाद फक्त १ वाल्यांना. शेठचं ते गिऱ्हाईक यादीत परत आलंय.