इंग्लंडच्या हिवाळ्यासाठी डिस्क ब्रेकची रोड बाइक कमी पैशांत कशी निवडावी

नोव्हेंबर सरत आला की इथल्या रस्त्यांवर मीठ पडायला लागतं. चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं तपकिरी खडेमीठ रात्री ट्रकने फवारतात, म्हणजे सकाळी रस्त्यावर बर्फ धरत नाही. मोटारवाल्यांची सोय होते, पण सायकलीच्या ते जिवावर उठतं. चेन गंजते, छऱ्यांत पाणी शिरतं, बोल्ट जागच्या जागी धरतात. म्हणून इथले जुनेजाणते सायकलवाले चांगली सायकल ऑक्टोबरात घरात टांगतात आणि मार्चपर्यंत वेगळी, मार खाणारी सायकल चालवतात.

मी स्टॉकपोर्टहून मँचेस्टरला रोज जाऊन-येऊन साधारण बावीस किलोमीटर चालवतो. डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो, म्हणजे परतीचा प्रवास अंधारात आणि बहुतेक वेळा पावसात. अशा कामाची सायकल निवडताना मी केलेल्या चुका तुम्ही पुन्हा करायला नकोत.

पैशांचा हिशेब आधी

पाचशे पौंड खिशात असतील तर सायकल साडेतीनशेची बघा. मडगार्ड, बरे टायर, दिवे आणि ब्रेकचे नवे पॅड यांत उरलेले दीडशे कधी संपतात ते कळतही नाही. या रकमेत वापरलेली सायकलच परवडते, आणि त्यात कमीपणा काही नाही. जी वस्तू मिठातच घालायची, ती कोरी करकरीत कशाला?

नवीच हवी असेल तर ऑफिसात ‘सायकल टू वर्क’ योजना आहे का विचारा. १९९९ पासून चालू असलेल्या या योजनेत सायकलीचे हप्ते कर कापण्याआधीच्या पगारातून जातात, त्यामुळे बरीच बचत होते. खासगी माणसाकडून घेतलेली जुनी सायकल मात्र त्यात सहसा बसत नाही.

पहिली पायरी: फ्रेम

गिअर, चाकं, सीट, ब्रेक हे सगळं पुढेमागे बदलता येतं. फ्रेम बदलता येत नाही. हिवाळी फ्रेमला पहिला प्रश्न एकच विचारायचा: मडगार्ड बसतं का?

हसू येईल, पण आपल्याकडे दूधवाल्याच्या सायकलला जे असतं ते इथल्या हजार-हजार पौंडांच्या रोड बाइकला नसतं. नुसतं नसतं असं नाही, बसवायला जागाच नसते. माझी पहिली ‘हिवाळी’ सायकल मी रंगावर भाळून घेतली होती. चिमट्यांनी अडकवायचं प्लास्टिकचं मडगार्ड लावून बघितलं. ते आठवडाभर टायरला घासत राहिलं आणि एका खड्ड्यात सुटून पडलं. त्या दिवशी ऑफिसात पोचलो तेव्हा पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा होता.

विकणारा नेहमी चेनच्या बाजूने ऐटीत उभ्या केलेल्या सायकलचा फोटो टाकतो. त्याच्याकडे आणखी तीन फोटो मागा: पुढचा फोर्क समोरून, मागच्या चाकाचा ॲक्सल बसतो तो कोपरा, आणि पॅडलच्या मागे फ्रेम जिथे टायरच्या जवळ येते ती जागा. कोपऱ्यात आणि फोर्कच्या पायांवर आटे असलेली छोटी भोकं दिसायला हवीत. मडगार्डच्या तारा तिथे बसतात. सायकल प्रत्यक्ष बघाल तेव्हा टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये करंगळी घालून बघा. २८ मिलिमीटरच्या टायरवर करंगळी सहज सरकली तर मडगार्ड मावेल. अडकली तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका.

मागच्या ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, कुठे आहे तेही बघा. पॅडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या आडव्या नळीवर, म्हणजे फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत असेल तर उत्तम. काही जुन्या डिस्क सायकलींवर तो सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या तिरप्या नळीच्या वर बाहेर आलेला असतो. मग मडगार्डची तार त्याला वळसा घालून न्यावी लागते. जमतं, पण तार वाकवताना हात दुखतात आणि तोंडातून नको ते शब्द निघतात.

आपल्यासारख्या मध्यम उंचीच्या लोकांसाठी आणखी एक. छोट्या मापाच्या फ्रेममध्ये पुढचं चाक पायाच्या जवळ येतं. सीटवर बसा, पॅडल आडवं धरा, हँडल वळवा. बुटाचं टोक टायरला लागत असेल तर मडगार्ड लावल्यावर ते आणखी लागणार. सरळ रस्त्यावर काही वाटत नाही, पण सिग्नलला हळू वळताना माणूस आडवा होतो.

दुसरी पायरी: ब्रेक

डिस्क ब्रेक कशासाठी घ्यायचा हे डोक्यात पक्कं हवं. ‘जास्त जोरात थांबते म्हणून’ हे अर्धंच उत्तर झालं. चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या साध्या रिम ब्रेकच्या पॅडला पावसात आधी रिमवरचं पाणी पुसावं लागतं, म्हणून लिव्हर दाबल्यावर क्षणभर काहीच घडत नाही. त्याहून वाईट म्हणजे रस्त्याची रेती पॅडमध्ये रुतते आणि पॉलिश पेपरसारखी रिम घासत राहते. रिम हा चाकाचाच भाग. ती पातळ झाली की चाकच बाद. डिस्कमध्ये पॅड चाकाच्या मधोमध बसवलेल्या चकतीला धरतात, म्हणून ही सगळी झीज त्या दहा-वीस पौंडांच्या चकतीवर येते. चकती सोडवायची, दुसरी लावायची, काम झालं.

एक गैरसमज मात्र नको. डिस्क चाक थांबवते, रस्ता धरून ठेवायचं काम टायरचं असतं. काळ्या बर्फावर, म्हणजे रस्त्यावर धरलेल्या न दिसणाऱ्या पातळ बर्फावर, कुठलाच ब्रेक उपयोगाचा नाही. त्या दिवशी ट्रेनने जावं.

या किमतीत तीन प्रकार दिसतील. पहिला, केबलचा आणि एकाच बाजूने दाबणारा. यात बाहेरचाच पॅड हलतो आणि चकतीला किंचित वाकवून आतल्या पॅडवर टेकवतो. आतला पॅड झिजला की ॲलन कीने तो तुम्ही आत सरकवायचा. पावसाळी महिन्यात हे काम मला दर दहा-बारा दिवसांनी करावं लागायचं. दुसरा, केबलचाच पण दोन्ही बाजूंनी दाबणारा, टीआरपी कंपनीच्या स्पायरसारखा. तिसरा हायड्रॉलिक. त्यात तेलाचा दाब असतो, बोटाला हलका लागतो आणि पॅडची झीज आपोआप भरून काढतो.

मग हायड्रॉलिकच का नाही? शिमानो कंपनीच्या क्लॅरिस आर२००० आणि सोरा आर३००० या गिअर-ब्रेकच्या स्वस्त संचांत हायड्रॉलिक लिव्हर येतच नाही. त्या पिढीत ती वरच्या टिआग्रा संचापासून सुरू होते, आणि तिथे किंमत चढते. शिवाय जुन्या हायड्रॉलिक लिव्हरमध्ये गळती निघाली तर खर्च मोठा. म्हणून साडेतीनशेत मी दोन्ही बाजूंनी दाबणारा केबल ब्रेक घेईन. एकाच बाजूचा असेल तरी फ्रेम चांगली असेल तर नाही म्हणू नका, कारण पुढे कॅलिपर बदलता येतो. फक्त तो आडव्या नळीवर सपाट बसणारा आहे की दोन खांबांवर, हे बघून नवा मागवा. दोन्ही एकमेकांच्या जागी सरळ बसत नाहीत.

हायड्रॉलिक सायकल बघायला गेलात तर लिव्हर दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा. हळूहळू हँडलकडे सरकत गेली तर तेल गळतंय किंवा हवा आहे. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या बहुतेक रोड ब्रेकना डॉट फ्लुइड. एकाचं दुसऱ्यात घातलंत तर आतले सील जातात.

चकती जवळून वाचा. शिमानोच्या चकतीवर किमान जाडी १.५ मिलिमीटर असं कोरलेलं असतं. स्वस्त चकत्यांवर कधीकधी ‘रेझिन पॅड ओन्ली’, म्हणजे फक्त रेझिनचे पॅड वापरा, असं लिहिलेलं सापडेल. रेझिनचे पॅड आवाज कमी करतात, पण ओल्या रेतीत साबणासारखे विरघळतात. हिवाळ्याला धातूमिश्रित सिंटर्ड पॅड टिकाऊ, पण त्या चकतीवर ते चालणार नाहीत. म्हणजे चकतीचेही पैसे धरा.

गिअर आणि चाकं

गिअरचा फार विचार करू नका. आठ किंवा नऊ स्पीड पुरे, चेन आणि मागची चक्रं स्वस्त पडतात. दर हिवाळ्यात एक चेन जाणारच.

चाकं १२ मिलिमीटरच्या थ्रू-ॲक्सलची, म्हणजे आरपार जाऊन फ्रेममध्ये आट्यांनी घट्ट होणाऱ्या दांड्याची, मिळाली तर बरं, कारण दर वेळी चाक काढून लावलं तरी चकती त्याच जागी बसते. सुरुवातीच्या डिस्क सायकलींवर झटक्यात उघडणाऱ्या क्विक रिलीजची चाकं असतात. तीही चालतात. चाक उचलून फिरवा आणि आऊट आहे का बघा. मग ॲक्सलला बोट टेकवून पुन्हा फिरवा. छऱ्यांची खरखर बोटाला कळते.

बघायला जाल तेव्हा

सीटचा बोल्ट सैल करून नळी वर-खाली करून दाखवायला सांगा. मिठाने ॲल्युमिनियमची नळी फ्रेममध्ये कायमची धरते. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर काय ते समजा. पॅडलखालचा फ्रेम नंबर बाइकरजिस्टरच्या साइटवर टाकून सायकल चोरीची तर नाही ना ते तपासा. फुकट आहे.

दिव्यांचा खर्च विसरू नका. अंधारात पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर कायद्याने लागतो. १ ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेल्या सायकलीच्या पॅडलवर नारिंगी रिफ्लेक्टरही लागतात.

घरी आणल्यावर

२८ किंवा ३२ चे टायर चढवा, त्यांच्याहून रुंद, ४५ मिलिमीटरच्या आसपासचं मडगार्ड लावा. रोज परतल्यावर कोमट पाण्याची एक बादली ओता. प्रेशरच्या नळीने धुऊ नका, पाणी छऱ्यांत शिरतं.

चेनला तेल घालताना स्प्रेचा डबा वापरू नका. मी एकदा वापरला. मागच्या चकतीवर नुसता तुषार उडाला असेल, पण दुसऱ्या दिवशी ब्रेक दाबला तर अख्खा बसस्टॉप वळून बघायला लागला, इतकी ती किंचाळत होती, आणि थांबत नव्हती ती वेगळीच. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, पॅड मात्र फेकावे लागले. तेल एकदा आत मुरलं की निघत नाही.

नवे पॅड घातल्यावर त्यांना चकतीवर बसू द्यावं लागतं. बऱ्या वेगाने जा, ब्रेक सलग दाबून चालण्याच्या वेगापर्यंत आणा, पूर्ण थांबू नका. असं वीसेक वेळा. हे रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये करा, सोमवारी ऑफिसला जाताना पहिल्या लाल सिग्नलला नको.